जांबोटीकडचं पीएचडी रिट्रीट, बायोलॉजीवाल्यांनी जावं का

जावं. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम झालं. पण पीएचडीच्या कुठल्या टप्प्यावर जावं, सोबत काय न्यावं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये बसावं की नाही हे पुढं लिहिलंय, तेवढं वाचून मगच फॉर्म भरा, कारण साडेचार हजार रुपये फी ही आपल्यासाठी काही लहान रक्कम नाही. जेआरएफ म्हणजे रिसर्च करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० झाली हे खरं, पण ज्यांना ती मिळते आणि वेळेवर मिळते त्यांच्यासाठी. आपल्या भागात कुठंतरी गेस्ट लेक्चररचे तास घेऊन, घरचं शेत बघून पीएचडी ओढणारे किती आहेत ते मी वेगळं सांगायला नको. रिट्रीट चालवणाऱ्यांनी तेवढं ओळखलंय, फेलोशिप नसेल तर निम्मी फी घेतात आणि त्याला कसला दाखला मागत नाहीत, तुम्ही सांगाल ते मान्य.

तर हे पाच दिवसांचं निवासी रिट्रीट, फक्त बायोलॉजीत पीएचडी करणाऱ्यांसाठी, म्हणजे झूलॉजी, बॉटनी, मायक्रो, बायोकेम, बायोटेक सगळे. जागा खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या रस्त्याला मेन रोड सोडून आत, एक जुनं कौलारू घर, त्याला लागून चार खोल्या आणि पत्र्याचा मोठा हॉल. चालवणारे म्हणजे दोन-तीन कॉलेजांत शिकवणारे लोक आणि बाहेर पोस्टडॉक करून परत आलेले काही जण, संस्था अजून रजिस्टर नाही त्यामुळं पाटी नाही की नाव नाही, डिपार्टमेंटच्या ग्रुपवर फॉर्म फिरतो तेवढंच. गणपतीनंतर, सप्टेंबरअखेर झालं. आम्ही वीस-बावीस जण होतो, बेळगाव, खानापूर, धारवाड, कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लज आणि दोघं गोव्याचे.

पहिला नियम हा की गाईडला प्रवेश नाही. कुणाचाही गाईड, एखाद्या आयोजकाचे स्वतःचे विद्यार्थी असले तर तो आयोजक पण त्या बॅचला येऊ शकत नाही. दुसरा नियम, इथं दाखवलेला डेटा बाहेर बोलायचा नाही, स्लाईडचा फोटो काढायचा नाही. ही पद्धत इथं शोधलेली नाही, अमेरिकेत गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्स म्हणून ज्या भरतात १९३१ पासून, त्यांची घडी अशीच, शहरापासून लांब, सकाळी आणि रात्री सेशन, दुपार मोकळी, आणि ऐकलेलं बाहेर वापरायचं नाही, त्यामुळं लोक न छापलेलं काम निर्धास्तपणे पुढं ठेवतात. इथं त्याचा परिणाम पहिल्या संध्याकाळीच दिसला. आपल्याकडं सेमिनारला उभं राहिलं की प्रत्येक जण आधी गाईडच्या चेहऱ्याकडं बघतो आणि मग उत्तर देतो. ते बघणंच बंद झालं की माणूस वेगळं बोलतो ओ. धारवाडचा एक जण, सेल लाईनवर काम करतो, सरळ म्हणाला की माझा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीन शोधायची चाचणी, सहा महिने आलाच नाही आणि मी आरएसीला, म्हणजे काम तपासणाऱ्या कमिटीला, 'ऑप्टिमायझेशन चालू आहे' असं सांगत आलोय. हे वाक्य हॉलमधल्या निम्म्या लोकांना पाठ होतं.

भाषेचा प्रश्न पण त्यांनी साधा सोडवला. ज्याला ज्या भाषेत सुचतं त्यानं त्या भाषेत बोलायचं, मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्लिश, कुणाला कळलं नाही तर शेजारचा सांगेल. खानापूरच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली आणि धारवाडकडची कन्नड शाळेतली एकमेकींचा डेटा तोडक्यामोडक्या दोन्ही भाषांत समजून घेतायत असं चित्र मी कुठल्या कॉन्फरन्सला बघितलेलं नाही. कॉन्फरन्सला आपण इंग्लिश नीट बोलतोय का ह्यातच निम्मं डोकं जातं, मग प्रश्न काय विचारला ते ऐकायचं कुणी.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांचं 'कच्चा डेटा' सेशन असतं. लेक्चर नाही. चार टेबलं, प्रत्येक टेबलावर एक शिकवणारं माणूस आणि पाच-सहा विद्यार्थी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला जवळपास एक तास पूर्ण. लेक्चर आपण यूट्यूबवर पण बघतो, पण आपली एक्सेल शीट समोर ठेवून तासभर कुणी आपल्याशी बोललंय असं शेवटचं कधी झालं ते आठवून बघा.

आमच्या टेबलावर इकॉलॉजीतून स्टॅटिस्टिक्सकडं गेलेल्या एक बाई होत्या. त्या पहिलं वाक्य बोलल्या ते "लॅपटॉप मिटा." मग दुकानात पुडे बांधायला असतो तसल्या तपकिरी कागदाचा एक मोठा तुकडा टेबलावर पसरला आणि चंदगडच्या मुलीच्या हातात पेन्सिल दिली. ती चतुर आणि टाचण्या ह्या कीटकांच्या पाण्यातल्या अळ्यांवर काम करते, जंगलातून येणारे ओढे आणि काजूच्या बागांतून येणारे ओढे ह्यांत फरक पडतो का हा तिचा प्रश्न, आणि चंदगड तालुक्यात डोंगर उतारावर काजू किती वाढलाय हे तिकडून गेलेल्याला माहीत आहे त्यामुळं प्रश्न खरोखर कामाचा. बाई म्हणाल्या, "तुझे ओढे काढ आणि जिथं जिथं जाळं टाकलंस तिथं टिंब दे." तिनं चार रेघा ओढल्या, दोन जंगलाच्या, दोन काजूच्या, आणि प्रत्येक रेघेवर पंधरा-पंधरा टिंबं. "तुझा एन, म्हणजे स्वतंत्र नमुने, किती?" ती म्हणाली साठ. बाईंनी काहीच न बोलता पेन्सिल घेऊन प्रत्येक ओढ्याभोवती एक एक गोल काढला. चार गोल. पुढं त्यांना समजवावं लागलंच नाही, त्या मुलीनंच कागदाकडं बघत म्हटलं, "म्हणजे माझ्याकडं दोन आणि दोनच आहेत."

ह्याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, १९८४ मध्ये हर्लबर्टनं ह्यावर पेपर लिहिला तेव्हापासून इकॉलॉजीत ते शिकवतात, आमच्या कोर्सवर्कच्या सिलॅबसमध्ये पण ती एक ओळ आहे, परीक्षेत आम्ही सगळ्यांनी व्याख्या लिहिली असणार. पण एकाच ओढ्यातली पंधरा सँपलं एकमेकांची भावंडं असतात, वरून एकच पाणी, एकच गाळ, एकच सावली, ती पंधरा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, हे त्या चार गोलांनी जसं आत गेलं तसं व्याख्येनं गेलं नव्हतं. आणि मला आवडलं ते पुढचं. बाईंनी तिला हा डेटा फेकून दे म्हटलं नाही, आणि अमुक मॉडेल लाव की होऊन जाईल असंही म्हटलं नाही. ओढ्या-ओढ्यातला आपसूक फरक मॉडेलमध्ये धरायचा तर ओढा हा रँडम इफेक्ट म्हणून घेता येतो पण एका बाजूला दोनच ओढे असले तर मॉडेल तरी ओढ्या-ओढ्यातला फरक कशावरून काढणार, हे सांगितलं आणि म्हणाल्या, पाऊस आत्ता सरतोय, ओढे अजून काही महिने वाहतील, तर आता प्रत्येक ओढ्यात पंधरा जाळी टाकू नकोस, पाचच टाक आणि वाचलेल्या वेळात ओढे वाढव. तिथंच तिनं फोनवर नकाशा उघडून चंदगड आणि तिलारीकडचे ओढे शोधायला सुरुवात केली. एका तासात एका माणसाच्या थीसिसचा एक चॅप्टर बुडता बुडता वाचला.

लॅबवाल्यांनी हे फक्त फील्डवाल्यांसाठी आहे असं समजू नये. धारवाडच्या त्या मुलाचं पण तसंच निघालं, एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन वेल, म्हणजे प्लेटमधले तीन खळगे, हे तीन रिप्लिकेट म्हणजे स्वतंत्रपणे परत केलेले प्रयोग नव्हेत, पिपेट करताना हात किती स्थिर होता तेवढंच त्यातून कळतं. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजची, म्हणजे परत नव्यानं वाढवलेल्या पेशींची, कल्चर घेऊन केलं तर ते खरं रिप्लिकेट. त्यानं लगेच विचारलं की मग छापलेल्या पेपरांत एन बरोबर तीन असं असतं ते काय. तर त्यानं आणि टेबलावरच्या शिकवणाऱ्यांनी मिळून त्याच्याच फोल्डरमधले पेपर उघडले आणि मेथड्समध्ये तो तीन कशाचा आहे हे लिहिलंय का ते एकेक करून बघितलं. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं. त्यानंतर मी कुठलाही पेपर उघडला की आधी ते शोधते.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी बेडकांवर काम करते, भाताची शेतं आणि जंगलाचा काठ, रात्री आवाज ऐकून आणि टॉर्चनं शोधून नोंद करायची. शीटमध्ये शून्यं भरपूर. प्रत्येक ठिकाणी एकाच सीझनमध्ये परत परत गेलेले असल्यामुळं त्या शून्यांचं काहीतरी करता येतं हे तिथं नीट कळलं. जात तिथं नाही म्हणून दिसली नाही, की आहे पण त्या रात्री ओरडली नाही म्हणून दिसली नाही, ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढायची मॉडेलं २००२ पासून आहेत, मॅकेंझी आणि सहकाऱ्यांची, पण त्याला एकाच जागेच्या अनेक फेऱ्या लागतात. त्या रात्रीचं सेशन वटवाघळांवर होतं आणि ते नेमकं इथं येऊन जुळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत, तिथल्या वटवाघळाची जात १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमसनं शास्त्राच्या पानावर आणली, रॉटन ह्या फॉरेस्ट ऑफिसरच्या नावानं, रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं जगात ही एकच जागा माहीत होती. मग २००० च्या आसपास कंबोडियात एक मिळालं, मेघालयात मिळालं. बोलणारे सर म्हणाले, तेवढी वर्षं ते प्राणी तिथं नव्हते का? होतेच की, तिथं गुहेत शिरून बघणारं कुणी नव्हतं. आपल्या गावाच्या एवढ्या जवळचं उदाहरण आणि सकाळच्या शून्यांचा प्रश्न असा एकत्र आला की मी रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात घेऊन पडले होते. गुहेत कुणाला नेलं नाही, आणि ते बरोबर केलं. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत पाय टाकता येत नाही, आणि वटवाघळांच्या वसाहतीत वीस जण बॅटऱ्या घेऊन शिरले तर त्यांचं काय होतं हे बायोलॉजीवाल्यांना वेगळं सांगायची वेळ येऊ नये. एकानं 'नुसतं लांबून बघू' म्हणून हट्ट धरला, सरांनी शांतपणे नाही म्हटलं आणि विषय संपवला.

दुपार मोकळी असते म्हटलं ना, त्यातली एक दुपार सड्यावर गेलो. मालकाला विचारून, त्याच्याच जमिनीवरून. बाहेरून बघितलं तर काळा-तांबडा जांभ्याचा कातळ, सरकारी कागदावर पड जमीन, आणि सप्टेंबरअखेर त्या कातळावरच्या बोटभर पाण्यात सीतेची आसवं ह्या फुलांचा निळा-जांभळा गालिचा. बॉटनीवाल्या मुलीनं एक रोप अलगद उचलून भिंगाखाली धरलं आणि चिखलातले ते टाचणीच्या टोकाएवढे फुगे दाखवले, ज्यांत ही वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव एका झटक्यात ओढून घेते, कारण कातळावरच्या मातीत नायट्रोजन मिळणार कुठून. बायोटेकचा एक जण, सगळी वर्षं एसी लॅबमध्ये काढलेली, तो पोटावर आडवा होऊन अर्धा तास तेच बघत होता. ह्याच पट्ट्यातून २००७ मध्ये म्हादईचं नाव दिलेली देवगांडुळाची, म्हणजे मातीत राहणाऱ्या बिनपायाच्या उभयचराची, नवीन जात नोंदली गेली हे पण तिथं कळलं, आणि त्यानंतर मातीकडं बघायची सगळ्यांची नजर बदलली. नंतर सड्याच्या काठानं जळवांनी धरलं ते धरलंच. तिकडं जायचं तर जळवांचे मोजे घेऊन जा, नुसतं मीठ खिशात ठेवून भागत नाही.

सेफ्टीचं त्यांनी नीट केलंय, ह्याचं कौतुक करायलाच पाहिजे. पहिल्याच दिवशी सांगितलं की आपल्याकडच्या अँटिव्हेनमचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चारांसाठी असतं, झाडावरचा चापडा चावला तर ते त्याच्यासाठी बनवलेलं नाही, त्यामुळं हिरवा साप बघून हात पुढं करायचा नाही. गाडी चोवीस तास दारात उभी आणि ड्रायव्हर मुक्कामाला. फील्ड कोर्सला गेलेले आहात तर तुम्हाला माहीत असेल, एवढंही बऱ्याच ठिकाणी नसतं.

आता तिसऱ्या दिवसाची दुपार. हे मी आयोजकांना तोंडावर सांगितलंय म्हणून इथं पण लिहिते. 'पेपर कसा छापावा' ह्या नावाखाली बाहेरून एका माणसाला बोलावलं होतं. पहिली पंधरा मिनिटं ठीक, पुढं कळायला लागलं की हा माणूस पैसे घेऊन पेपर 'छापून देणाऱ्या' एका कंपनीचा आहे. स्कोपस ह्या यादीत असलेल्या जर्नलमध्ये छापायची गॅरंटी, दहा दिवसांत ॲक्सेप्टन्स, ग्रुपनं आलात तर डिस्काउंट. मला त्या हॉलमध्ये बसवेना. इथं आलेल्यांत कुणाच्या घरात पहिल्यांदाच कुणी डॉक्टरेट करतंय, त्यांना खरं जर्नल आणि दुकान ह्यातला फरक सांगायला घरात कुणी नाही, ते इथं विश्वासानं आले, आणि त्यांच्यापुढं हे.

पेपर नसेल तर थीसिस देता येणार नाही ही त्यानं घातलेली भीती पण जुनी. युजीसीच्या २०२२ च्या नियमांत थीसिस देण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही, तुमच्या युनिव्हर्सिटीनं स्वतःची अट ठेवली असेल तर वेगळं, आपापला ऑर्डिनन्स काढून वाचा. आणि युजीसीनं २०२५ च्या सुरुवातीला केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, पण बंद केली, म्हणजे आता कुठलं जर्नल चांगलं हे आपलं आपल्यालाच ठरवायचंय. मग ते कसं ठरवायचं हेच शिकवायला हवं होतं ना. ते काम रात्री जेवणानंतर कोल्हापूरच्या एका सिनियरनं केलं, ओट्यावर बसून. रिव्ह्यू व्हायच्या आधी पैसे मागतात का, एडिटोरियल बोर्डवरच्या माणसाच्या युनिव्हर्सिटीच्या पानावर त्या जर्नलचं नाव आहे का, गेल्या वर्षीचे तिथले चार पेपर काढून त्यातल्या मेथड्स वाचण्यासारख्या आहेत का, डीओएजे ह्या खुल्या जर्नलांच्या यादीत आहे का. बायोआर्काइव्ह ह्या साईटवर प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूआधीचा पेपर, टाकायला पैसे लागत नाहीत आणि तारीख तुमच्या नावावर पडते हे निम्म्यांना पहिल्यांदा कळलं. जर्नल वाचायला देणारी सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झालीय, सरकारी युनिव्हर्सिटीत असाल तर लायब्ररीत जाऊन लॉगिन मागा, हे पण तिथंच. ओट्यावरचा तो तास स्टेजवर यायला हवा होता. आयोजकांनी चूक मान्य केली, त्या माणसाला परत बोलावणार नाही म्हणाले, पण पुढच्या बॅचचं वेळापत्रक आलं की तिसरी दुपार तुम्ही स्वतः बघून घ्या. असलंच काही दिसलं तर उठून सड्यावर जा.

चौथ्या दिवशी बेळगावहून एक काउन्सेलर आल्या होत्या. मला सुरुवातीला वाटलं की ध्यान करा, सकाळी लवकर उठा, एवढंच असणार. तसं झालं नाही. त्यांनी २०१८ च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, नेचर बायोटेक्नॉलॉजीत आलेला, त्यात पीएचडी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांत डिप्रेशन आणि अँक्झायटीचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सहापटीपेक्षा जास्त निघालं होतं, आणि ज्यांचं गाईडशी बरं होतं त्यांच्यात ते कमी दिसलं. मग म्हणाल्या, आता ज्याला जे बोलायचंय ते बोला, नाही बोलायचं तर ऐका. एक मुलगी रडली. लग्न झालेली, लहान मूल घरी सासूकडं ठेवून आलेली, तिला घरचे विचारतात हे कधी संपणार आणि गाईड विचारतात हे कधी सुरू होणार. युजीसीच्या नियमांत सहा वर्षांच्या वर मुदतवाढ असते आणि बायकांना त्याच्याही पुढं दोन वर्षं जास्तीची सवलत मिळू शकते हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, ऑफिसात विचारायला गेली तर बघू म्हणून परत पाठवलेली. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठी-कन्नड दोन्हीत बोलता येतं हे काउन्सेलर बाईंनी फळ्यावर लिहून ठेवलं आणि तो शेवटपर्यंत कुणी पुसला नाही.

जेवण. गावातल्या दोघी मावशी करतात आणि मनापासून करतात. सकाळी पेज नाहीतर पोहे, दुपारी तांदळाची भाकरी, दोडका नाहीतर अळू, कुळथाचं पिठलं, रात्री भात-आमटी, एका रात्री गावठी कोंबडीचा रस्सा आणि व्हेजवाल्यांना काजूची उसळ. एक जण बेळगावहून कुंदा घेऊन आला होता तो पहिल्याच चहाला संपला. जेवण वेळेवर मिळत नाही ही तक्रार आहे, दीडचं जेवण अडीचला, आणि ते मावशींमुळं नाही, सकाळचं सेशन कुणी थांबवत नाही म्हणून. मावशी भाकऱ्या झाकून बसलेल्या असायच्या, ते बघून बरं वाटायचं नाही. "जेवून घ्या की ओ, थंड भाकरी कोण खाणार," असं त्यांनीच दारात येऊन सांगितल्यावर एकदाचं सगळे उठायचे.

राहायची सोय साधी. गाद्या खाली, चादरी स्वच्छ, पण मुलींच्या बाजूला दोनच बाथरूम आणि आम्ही मुली संख्येनं जास्त, तर सकाळी नंबर लावायला लागतो. फॉर्ममध्ये मुली किती हे त्यांना आधीच कळत असतं, त्याप्रमाणं खोल्यांची अदलाबदल करणं अवघड नव्हतं. लाईट जाते, इन्व्हर्टरवर हॉलचे दिवे चालतात पण प्रोजेक्टर नाही, त्यामुळं स्लाईडच्या भरवशावर राहू नका, दोन पानं प्रिंट काढून न्या. नेटवर्क फक्त घरामागच्या विहिरीपाशी. आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर चालवणार असाल तर लागतील ती पॅकेजेस घरूनच टाकून न्या, तिथं डाउनलोड होणार नाहीत, लोकांचे तास त्यात गेले.

सगळ्यात मोठी तक्रार तारखांची. गेल्या वर्षी हे ऑगस्टमध्ये घेतलं होतं, म्हणजे बेडूकवाले, देवगांडूळवाले, ओढेवाले सगळे बाहेर, कारण आमचं वर्षभराचं काम पावसाच्या तीन महिन्यांत असतं. ह्या वर्षी सप्टेंबरअखेर, तर सड्यावरच्या फुलांवर काम करणारे आले नाहीत, एकच बॉटनीची मुलगी आली आणि ती पण रोज पहाटे प्लॉट बघायला जाऊन यायची. पावसाळ्यात जागा स्वस्त मिळते हे कारण मला समजतं, पण बायोलॉजीचं रिट्रीट फील्डच्या सीझनमध्ये घ्यायचं म्हणजे ज्यांना त्या कच्च्या डेटाच्या टेबलाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच येणार नाहीत.

कुणी जावं विचाराल तर कोर्सवर्क संपून पहिला थोडा डेटा हातात आलाय आणि अजून एक सीझन शिल्लक आहे अशांनी. सिनॉप्सिस नुकतीच दिलेल्यांना टेबलावर ठेवायला काही नसतं, आणि थीसिस सबमिट करायला तीन महिने उरलेल्यांना चार गोल बघून झोप लागणार नाही, करता काही येणार नाही. डेटा मात्र कच्चाच न्या, ग्राफ करून सजवलेला नको, आणि सँपल कुठून कधी घेतलं त्याची वही न्या, स्टॅटिस्टिक्सच्या बाई तीच मागतात.

यायला बेळगावहून चोर्ला रस्त्याची बस, जांबोटीला उतरा, तिथून त्यांची गाडी येते. कर्नाटकातला पत्ता असलेल्या मुलींना साधी सरकारी बस फुकट आहे, चंदगड-गडहिंग्लजच्या मुलींना मात्र महाराष्ट्राचं आधार असल्यामुळं तिकीट काढावं लागतं. पुढची बॅच फेब्रुवारीत घ्यायचं चाललंय, ते झालं तर फील्डवाल्यांची सोय होईल. फक्त फेब्रुवारी म्हणजे माकडतापाचे दिवस, शेजारी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि दोडामार्गात पेशंट सापडलेले आहेत, तो गोचिडीतून येतो, तेव्हा पानगळीत बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पॅन्ट मोज्यात खोचलेली, अंगाला लावायचं तेल आणि संध्याकाळी परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून कपडे वेगळे. कुठं मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आधी आयोजकांना सांगा, ते आरोग्य खात्याला कळवतात.